जोडा जपू नये, झिजवावा

आमच्या घरात नवी वस्तू लगेच वापरायला काढण्याची पद्धत नाही. नवी चादर पाहुण्यांसाठी, नवे कप दिवाळीसाठी आणि नवा सदरा कुणाच्या तरी लग्नासाठी कपाटात जातो. त्याच न्यायाने, हिमालयाच्या सहलीसाठी हौसेने घेतलेले माझे डोंगरी बूटही खोक्यासकट माळ्यावर गेले. सहल रद्द झाली. बूट आठ वर्षे माळ्यावरच राहिले.

गेल्या मार्गशीर्षात कन्येने राजगडाहून तोरण्याला चालत जाण्याचा बेत काढला, तेव्हा ते खाली आले. कोरे करकरीत! मोठ्या ऐटीत मी ते चढवले. संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने बाहेर पडलो आणि पुढच्या डोंगरसोंडेवर उजव्या बुटाचा सोल 'आ' वासून उघडला. तासाभरात डाव्यानेही राम म्हटले. पुढे तोरणा, मागे राजगड, कललेली उन्हे आणि बरोबर पंधरा वर्षांची मुलगी! घसाऱ्यावर पाऊल ठरेना. माझ्या पोटात खड्डा पडला.

वाटेत भेटलेल्या एका गुराख्याने सुतळीने दोन्ही सोल आवळून दिले आणि आम्हांला खालच्या वाडीत उतरवले. त्याच्या स्वतःच्या पायांत झिजून पातळ झालेल्या वहाणा होत्या. "दादा, वहाण पायात ऱ्हायली तर टिकती," एवढेच तो म्हणाला.

घरी आल्यावर चौकशी केली, तेव्हा त्या बोलण्यातले शास्त्र कळले. अशा बुटांच्या सोलमध्ये पुष्कळदा पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतला दमटपणा तो हळूहळू पोखरतो, आणि पाचदहा वर्षांत त्याचा भुगा होतो. बंद खोक्यात पडलेल्या जोड्यालाही हे चुकत नाही; उलट नेमाने वापरलेला जोडाच त्यामानाने जास्त तग धरतो. म्हणजे मी आठ वर्षे जपत होतो, ते काय, हे आपण ओळखलेच असेल.

जोडा घ्यायला सकाळी जाऊ नये. दिवसभरात पाय थोडे फुगतात, डोंगरात तर अधिकच. म्हणून संध्याकाळी जावे आणि जे मोजे घालून चालायचे, तेच घालून जोडा पाहावा. मोजे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे असावेत. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतो. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. माप मोठ्या पायाचे धरावे. नाडी न बांधता पाय पुढे सरकवला, तर टाचेमागे एक बोट मावले पाहिजे. नाडी बांधल्यावर मात्र टाच उचलता कामा नये. मग दुकानाच्या जिन्यावरून उतरून पाहावे. बोटे पुढे आदळली, तर तो जोडा तिथेच ठेवावा. गडाच्या लांब उतरणीवर तोच नखे काळी करतो.

सोल उलटून पाहायलाही लाजू नये. १९३५ साली इटलीतल्या पुंता रासिका शिखरावर सहा गिर्यारोहक दगावले. त्यांची पादत्राणे त्या जागेला अपुरी होती. त्यांचे सोबती विताले ब्रामानी यांनी त्यानंतर खोल दातांचा रबरी सोल तयार केला. १९५४ साली 'के-२' शिखर सर करणाऱ्या इटालियन तुकडीच्या बुटांना तोच होता. आपल्या मुरमाड वाटांवर असे दात फार उपयोगी पडतात. पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या कातळावर मात्र कोणत्याच सोलवर विसंबू नये.

नवा जोडा 'चावतो' असे आपण म्हणतो. जोडा म्हटला की नवराबायकोही आलीच. एकमेकांची सवय व्हायला दोघांनाही वेळ लागतो. कन्येने तिचे नवे बूट महिनाभर आधी घरातच घालायला सुरुवात केली. "देव्हाऱ्यासमोरून जोडे घालून हिंडतेस?" म्हणून माझी आई कडाडली. शेवटी सोल पुसून, फक्त बाहेरच्या खोलीत, असा तह झाला. पहिल्या आठवड्यात रोज तासभर, मग जिना, मग पर्वतीच्या पायऱ्या, शेवटी पाठीवर पिशवी घेऊन सिंहगड. चामडे कडक असेल तर याहून अधिक दिवस लागतात. कुठे चरचरले की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावावी. फोड येण्याची वाट पाहू नये. भिजलेला जोडा चुलीपाशी किंवा कडक उन्हात वाळवू नये, चामडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवावा.

त्या दिवशी माझे सोल सुतळीने बांधलेले असताना, कन्येच्या पायाला एक फोड नव्हता.

राहिलेला तोरणा येत्या मार्गशीर्षात गाठायचा आहे. मी नवे बूट घेतले आहेत आणि ते घालून रोज मंडईत जातो. भाजीवाल्या हसतात. खोके मात्र पहिल्याच दिवशी रद्दीवाल्याला देऊन टाकले.