हौसेनें आणलेला कुत्रा

पुणें शहराबाहेर, मोठ्या रस्त्यावरून आंत वळून गेल्यावर, टाकून दिलेल्या कुत्र्यांचें एक आश्रयस्थान आहे. तेथें कुत्रा सोडावयास जाणाऱ्याकडून एक छापील कागद भरून घेतात. कुत्र्याचें नांव, जात, वय, टोंचलेल्या लसी, खाण्याच्या संवयी आणि सर्वांत शेवटीं एक लहानसा रकाना : 'सोडण्याचें कारण'. २०२२ सालच्या पावसाळ्यांत हा कागद मीं स्वतः भरला आहे. त्या रकान्यांत मीं 'जागेची अडचण' असे दोन शब्द लिहिले. आमचें घर सात खोल्यांचें आहे, मागें अंगण आहे, आणि माणसें एकंदर नऊ. कागद घेणाऱ्या बाईंनीं तो वाचला, एकवार माझ्याकडे पाहिलें आणि कांहीं न विचारतां तो फाइलींत लावून टाकला. ती फाइल चांगली चार बोटें जाड होती. तींत याच दोन शब्दांचे किती कागद असतील, हा विचार तेव्हांपासून मनांत घोळत आहे.

पाळलेला कुत्रा टाकण्याचा हा प्रकार आपल्या घरांतून तसा नवाच म्हटला पाहिजे. वाड्यांतून ज्यांचें बालपण गेलें त्यांना दारचा कुत्रा आठवत असेल. वैश्वदेवानंतर बाहेर ठेवावयाच्या अन्नांत कुत्र्याचा वांटा शास्त्रानेंच ठरवून दिलेला. परंतु उंबरठ्याच्या आंत मात्र त्याला मज्जाव. त्याला कोणीं विकत आणलेला नसे, आणि तो अमक्याचा असेंहि कोणी म्हणत नसे. तो आळीचा असे. एका घरची भाकरी चुकली तर दुसऱ्या घरची मिळे. एक बिऱ्हाड हाललें तरी त्याचें कांहीं हालत नसे. त्याचे दिवस सुखाचे होते असें मात्र कोणीं समजूं नये. खरूज, पोरांचे दगड आणि नगरपालिकेचा गाडा हीं त्याच्या कपाळीं होतींच. तथापि त्याला टाकून देणें शक्य नव्हतें, कारण त्याला कोणीं घेतलेलेंच नव्हतें.

कुत्र्यांकरितां आश्रयस्थानें निघालीं तीं प्रथम अशाच बेवारशी कुत्र्यांसाठीं. मुंबईंत १८३२ सालीं भटकीं कुत्रीं मारण्याचा हुकूम सरकारनें चालविला, तेव्हां पारशी समाज खवळून उठला आणि कोटांतले व्यवहार बंद पडले. पुढें दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांनीं मुंबईची पांजरपोळ स्थापन केली, ती मारल्या जाणाऱ्या कुत्र्यांना व डुकरांना थारा मिळावा म्हणून. पांजरपोळ म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें गाई येतात. परंतु मुंबईच्या पांजरपोळेच्या जन्माचें निमित्त कुत्रा आहे. लंडनमध्यें मेरी टील्बी या बाईंनीं हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं घर काढलें तें १८६० सालीं, म्हणजे आपल्या मागून सव्वीस वर्षांनीं. तेंच पुढें बॅटरसी येथें गेलें आणि त्या नांवानें जगप्रसिद्ध झालें. या सर्व संस्थांच्या संस्थापकांनीं डोळ्यांपुढें ठेवला होता तो मालक नसलेला कुत्रा. आज त्याच तऱ्हेच्या जागीं जाऊन पाहावें तर पिंजऱ्यापिंजऱ्यांतून लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, बीगल, पग, हस्की अशीं भारी किंमतीचीं जनावरें बसलेलीं दिसतात. त्यांना नांवें आहेत आणि नांवानें हांक मारली कीं तीं उठून उभीं राहतात.

हीं येथें कां येतात? अमेरिकेंत या प्रश्नाची पद्धतशीर पाहणी झालेली आहे. तेथील निरनिराळ्या भागांतील बारा आश्रयस्थानांत कुत्रीं सोडावयास आलेल्या लोकांना प्रश्न विचारून केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाले. लोकांनीं सांगितलेलीं कारणें आपल्या परिचयाचींच आहेत : बिऱ्हाड बदललें, घरमालक कुत्रें ठेवूं देत नाहीं, खर्च झेपत नाहीं, वेळ मिळत नाहीं. परंतु या कारणांच्या शेजारीं जे आंकडे आहेत ते अधिक बोलके आहेत. सोडलेल्या कुत्र्यांपैकीं शेंकडा ४८ कुत्रीं पांच महिने ते तीन वर्षें या वयाचीं होतीं. शेंकडा ३७ कुत्रीं त्या घरांत सात महिने ते एक वर्ष एवढाच काळ राहिलेलीं होतीं. एक तृतीयांश कुत्र्यांनीं पशुवैद्याचें तोंड पाहिलेलें नव्हतें. आणि शेंकडा ९६ कुत्र्यांना कसलेंहि शिक्षण मिळालेलें नव्हतें.

बिऱ्हाड बदलणें हें एखाद्या कुटुंबाच्या कपाळीं केव्हांहि येऊं शकतें. कुत्र्याचें वय पाहून तें येत नाहीं. मग टाकण्याची वेळ नेमकी पिल्लाचा कुत्रा होतांनाच कां यावी? पिल्लाला चौथ्या महिन्यापासून नवे दांत येऊं लागतात आणि तें हातीं लागेल तें चावूं लागतें. सहा महिन्यांनंतर अंगांत जोर येतो, तो दोरी ओढतो, अंगावर उड्या घेतो, हांक मारली तरी ऐकून न ऐकल्यासारखें करतो. मनुष्याच्या मुलाचें सोळावें वर्ष जसें, तसा कुत्र्याचा हा काळ. त्यांतून त्याला धीरानें बाहेर काढलें तर पुढचीं आठदहा वर्षें तो घरांतल्या शहाण्या माणसासारखा राहतो. पण गोजिरेपण संपलेलें आणि शहाणपण आलेलें नाहीं, अशा मधल्या काळांतच त्याच्या नांवाचा कागद भरला जातो.

आमच्या घरीं कुत्रा आला तो २०२० सालच्या दिवाळींत. साथीमुळें शाळा बंद होत्या, कचेऱ्या घरांतूनच चालत होत्या, आणि दहा वर्षांचा पुतण्या दिवसभर कंटाळलेला असे. त्याच्यासाठीं धाकट्या बंधूंनीं एके संध्याकाळीं खोक्यांतून लॅब्रॅडॉरचें पिल्लूं आणलें. इंग्लंडांत कुत्रा आयुष्यभराचा असतो, नुसत्या नाताळापुरता नव्हे, अशा अर्थाचें घोषवाक्य १९७८ पासून लोकांच्या कानीं घातलें जात आहे. आमची दिवाळी त्या नाताळाहून निराळी नव्हती. पिल्लूं सहा आठवड्यांचें होतें. विकणारानें सांगितलें कीं लहानपणीं नेलें म्हणजे लळा चांगला लागतो. आठ आठवडे पुरे होण्यापूर्वीं पिल्लूं विकूं नये असा आपल्या देशाचा २०१७ सालचा नियम आहे, हें आम्हांला ठाऊक नव्हतें. नियमामागें कारणहि आहे. आईजवळ व भावंडांत खेळतांना चावा किती जोराचा घ्यावा, दुसरा कळवळला कीं कसें थांबावें, हें पिल्लूं शिकत असतें. आमचें पिल्लूं तें शिकण्यापूर्वींच खोक्यांत बसलें. पुढें पाहुण्यांच्या हातांना त्याचे दांत लागूं लागले, तेव्हां आम्हीं त्याला द्वाड ठरविलें.

त्याचें नांव ब्रूनो ठेवलें. पहिले तीन महिने घरांत नऊ माणसें आणि नऊहि जणांचा तो लाडका. पुढें कचेऱ्या उघडल्या, शाळा सुरू झाली, पुतण्याला मित्र मिळाले, आणि ब्रूनोचें काम हळूहळू, कोणीं ठरविल्याशिवाय, माझ्या पत्नीकडे व माझ्या आईकडे आलें. खाणें, फिरविणें, अंगणांतील घाण काढणें, गोचिड्या पाहणें, देवघराच्या दारांतून केंस झाडणें. ज्या दोघींनीं तो मागितला नव्हता त्या दोघींवरच त्याचा संसार पडला. हौस एकाची आणि राबणूक दुसऱ्याची हा आपल्या एकत्र कुटुंबांचा जुनाच न्याय आहे. पाहुण्यापासून व्रतवैकल्यापर्यंत तो सर्वत्र चालतो. कुत्र्याच्या बाबतींत एवढेंच कीं पाहुणा चार दिवसांनीं जातो आणि लॅब्रॅडॉर दहाबारा वर्षें जगतो. पुतण्या बावीस वर्षांचा होईपर्यंत आणि आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची होईपर्यंत, एवढा साधा हिशेब दिवाळीच्या त्या संध्याकाळीं आमच्यापैकीं कोणींहि बोटांवर केला नाहीं.

जातीचाहि विचार आम्हीं केला नाहीं; चित्रांत चेहरा प्रेमळ दिसतो एवढें पाहिलें. वास्तविक प्रत्येक जातीच्या कुत्र्याला पिढीजात धंदा असतो आणि तो त्याच्या रक्तांतून जात नाहीं. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर थंडगार पाण्यांत उड्या घेऊन कोळ्यांचीं जाळीं ओढीत असत. त्याला सकाळीं दहा मिनिटें गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन आणलें तर उरलेला जोर तो गाद्यांवर काढणारच. बीगल सशाचा माग काढतांना मोठ्यानें ओरडून शिकाऱ्याला दिशा कळवितो. त्यासाठींच तो आवाज जोपासला गेला, आणि सोसायटींत तक्रार येते ती त्याच आवाजाची. हस्की तर ईशान्य सैबेरियांतील चुकची लोकांचा बर्फावरची गाडी ओढणारा. त्याच्या अंगावर केंसांचे दोन थर. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि त्या ओलाव्याच्या वाफेवर अंग निववितो. मुंबईच्या मे महिन्यांतील दमट हवेंत ती वाफहि नीट होत नाहीं. मग त्याच्यासाठीं यंत्रानें खोली थंड ठेवावी लागते, विजेचें बिल येतें, आणि 'खर्च झेपत नाहीं' हें कारण तयार होतें. धंद्यासाठीं परदेशी कुत्रीं आयात करण्यास सरकारनें २०१६ सालीं बंदी घातली, पण देशांत असलेल्यांची पैदास चालूच राहिली.

दुसरा एक प्रकार हल्लीं पुण्यांत विशेष पाहावयास मिळतो. मुलगा कुत्रा आणतो आणि दोन वर्षांत नोकरीसाठीं बंगलोरला वा अमेरिकेला जातो. मागें राहतात सत्तरीचे आईवडील आणि चाळीस किलो वजनाचा जर्मन शेफर्ड. वडिलांच्या गुडघ्यांना जिना सोसत नाहीं. कुत्र्यानें दोरीला हिसका दिला कीं तोल जातो. त्यांना दोष कोण देईल? दूर राहणारा मुलगा दूरध्वनीवर 'त्याला चांगलें घर पाहा' असें सांगून मोकळा होतो, आणि आश्रयस्थानांत जाऊन मान खालीं घालण्याचें काम म्हाताऱ्यांना करावें लागतें.

आमच्याकडेहि तसेंच कांहींसें झालें. जूनमध्यें ओल्या फरशीवर ब्रूनोच्या धक्क्यानें आई पडली आणि तिचें मनगट मोडलें. त्याच रात्रीं जेवणानंतर सर्वजण बसलों. प्रत्येकापाशीं आपापलें कारण होतें आणि तीं सर्व खरीं होतीं. निर्णयाला पाव तासहि लागला नाहीं. नऊ माणसांत 'कुत्रा माझा आहे' असें म्हणणारें कोणी निघालें नाहीं. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन आई ऐकत होती. तिला विचारलें तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "आणलात तेव्हां मला विचारलें नाहींत, आतां घालवितांना कशाला विचारतां? तो काय मुद्दाम पाडायला आला होता?"

युधिष्ठिरानें कुत्र्यावांचून स्वर्ग नाकारला ही कथा आपण मुलांना आवडीनें सांगतों. परंतु महाभारताच्या आरंभींहि एक कुत्रें आहे. जनमेजयाच्या यज्ञांत शिरलेल्या सरमेच्या पिल्लाला राजाच्या भावांनीं बडविलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलेंहि नव्हतें. सरमा येऊन विचारते कीं याचा अपराध काय, आणि त्या एवढ्या यज्ञमंडपांत तिला कोणी उत्तर देत नाहीं. आईच्या प्रश्नालाहि त्या रात्रीं कोणीं उत्तर दिलें नाहीं.

कायदा काय म्हणतो तेंहि मीं नंतर पाहिलें. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा आहे. जनावराला उपासमार घडेल अशा स्थितींत वाजवी कारणावांचून टाकून देणें हा त्यांत अपराध असून पहिल्या वेळीं दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत सांगितला आहे. ब्रूनोच्या गळ्यांतला पट्टाहि एवढ्यांत येत नव्हता. आश्रयस्थानांत नेऊन सोडणारा त्या कायद्याच्या कचाट्यांत येत नाहीं, आणि घाटांत पट्टा काढून मोटारींतून उतरवून देणाऱ्यांपेक्षां तो बराच. घरांत वाढलेला कुत्रा रस्त्यावर भटक्या टोळ्यांच्या हद्दींत सांपडला कीं फार दिवस टिकत नाहीं. मी तसें केलें नाहीं, एवढें समाधान मीं पुष्कळ दिवस उगाळलें.

तेथील बाईंनीं मला सांगितलें कीं पहिले चार दिवस बहुतेक कुत्रीं खात नाहींत आणि फाटकाकडे तोंड करून बसतात. पिल्लूं असलें तर आठवड्यांत कोणीतरी नेतें. मोठ्या कुत्र्याला न्यावयास लोक नाखूष असतात. ब्रूनो तेथें सात महिने होता. या मुदतींत मी दोनदां फाटकापर्यंत गेलों आणि परत आलों.

गेल्या हिंवाळ्यांत वेताळ टेकडीवर सकाळीं एक निवृत्त गृहस्थ भेटले. त्यांच्याबरोबर पिवळसर रंगाचा लॅब्रॅडॉर होता, आणि दोरी सैल असूनहि तो त्यांच्या पावलाशीं पाऊल ठेवून चालत होता. उजव्या कानावरचा तुटका कोंपरा मीं ओळखला. त्यानें जवळ येऊन माझ्या चपला हुंगल्या, पुष्कळ वेळ हुंगल्या, आणि शेपटी हालविली. "ओळखीचा दिसतो तुमच्या," ते गृहस्थ हंसून म्हणाले. मीं विचारलें, "नांव काय याचें?" त्यांनीं निराळेंच नांव सांगितलें. तें ऐकतांच तो माझ्याकडून वळला आणि त्यांच्यापुढें होऊन टेकडी उतरूं लागला.