जुन्या यूपीएसचा बॅटरी-इन्व्हर्टर म्हणून पुनर्वापर : शक्यता व मर्यादा

प्रस्तावना :
२००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन अनुभवले. त्या काळात महाविद्यालयांच्या संगणक कक्षांत यूपीएस ही अनिवार्य वस्तू ठरली. यूपीएसमधील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेची बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी साधारणतः तीन ते पाच वर्षांत निकामी होते. मंडल व रोहित्र मात्र बहुधा सुस्थितीत असतात. तरीही संपूर्ण उपकरण भंगारात जाते. त्याचा पुनर्वापर कोणत्या अटींवर करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कार्यतत्त्व :
वीज खंडित होताच यूपीएस बॅटरीतील दिष्ट विद्युतधारेचे रूपांतर २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती धारेत करते. इन्व्हर्टरचे कार्यही हेच होय. दोहोंतील फरक कालावधीचा आहे. यूपीएसची रचना संगणक सुरक्षितपणे बंद करण्यापुरत्या काही मिनिटांसाठी, तर इन्व्हर्टरची काही तासांसाठी केलेली असते.

गणित :
मूळ बॅटरीत कागदोपत्री १२ × ७ = ८४ वॉट-तास ऊर्जा असते. तिच्या जागी १०० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी जोडल्यास १२०० वॉट-तास मिळतात. आयुर्मानासाठी निम्मीच ऊर्जा वापरली आणि कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर ४८० वॉट-तास उरतात. म्हणजेच १२० वॉटचा भार सुमारे चार तास चालतो. या वेळी बॅटरीतून सुमारे १२.५ अँपिअर धारा वाहते.

मर्यादा व दक्षता :
१) ६०० व्हीए अशी नोंद असली तरी दीर्घकाळ पूर्ण भार देऊ नये. उष्णता-शोषक पट्ट्या लहान असल्याने भार सुमारे एक-तृतीयांश ठेवून पंखा बसवावा.
२) आतील चार्जर बहुधा एक अँपिअरच्या आसपास धारा देतो. ५० अँपिअर-तासांची तूट भरून काढण्यास त्याला दोन दिवसांहून अधिक काळ लागेल. म्हणून १० अँपिअरचा स्वतंत्र चार्जर आवश्यक ठरतो.
३) नव्या बॅटरीचा व्होल्टता-अंक मूळ बॅटरीइतकाच असावा. काही यूपीएस २४ व्होल्टवर चालतात.
४) काही स्वस्त यूपीएसमध्ये बॅटरीची बाजू मुख्य विद्युतपुरवठ्यापासून विलग नसते. अशा वेळी १२ व्होल्टच्या टोकाला केलेला स्पर्शही प्राणघातक ठरू शकतो. ही तपासणी जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. विलगता नसल्यास ते उपकरण वापरू नये.
५) बॅटरीच्या धन टोकाजवळ योग्य फ्यूज बसवावा आणि तारा आखूड व जाड असाव्यात.
६) भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेल्यास तो पेट घेऊ शकतो. म्हणून खोली हवेशीर असावी.
७) यूपीएसची निर्गत वीज भिंतीतील प्लगमध्ये कधीही सोडू नये. ती उलट दिशेने वाहिनीत जाऊन दुरुस्ती करणाऱ्या कामगाराच्या जिवावर बेतू शकते.
८) अशा यूपीएसचे तरंगरूप बहुधा चौरस स्वरूपाचे असते. एलईडी दिवे व संगणक त्यावर सामान्यतः चालतात. पंखे व पंप मात्र तापतात.

निष्कर्ष :
जुने यूपीएस हे इन्व्हर्टरला सर्वार्थाने पर्याय नव्हे. तथापि मर्यादित भार, स्वतंत्र चार्जर आणि विलगतेची खात्री या तीन अटी पूर्ण होत असतील, तर ग्रंथालयातील दिवे वा एखादा संगणक यांकरिता ते उपयुक्त ठरते. या अटी पूर्ण होत नसतील, तर बचतीच्या मोहापेक्षा ते अधिकृत पुनर्चक्रणासाठी देणेच हितावह होय. निकामी बॅटरीही २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार याच मार्गाने जाणे आवश्यक आहे.