एडिटर हरवला, आता काय?

रात्रीचा दीड. क्लायंटची वेबसाइट झोपलीय आणि माझा आयटीवाला मित्र जागा आहे. चूक सापडलीय, सेटिंगच्या फाइलमधला फक्त एक आकडा बदलायचाय. पण बदलायचा कशात? त्याचा लाडका व्हीएस कोड क्लायंटच्या सर्व्हरवर नाही आणि नवीन काही टाकायची परवानगीही नाही. समोर काळी स्क्रीन आणि त्यात 'व्हीआय'. त्याने टाइप करायला घेतलं आणि अक्षरं उमटण्याऐवजी ओळीच गायब व्हायला लागल्या!

घामाघूम होऊन त्याने सीनियर मॅडमना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अरे, सेव्ह कुठे केलंयस अजून? मग मूळ फाइलला काहीच झालेलं नाही."

बिचाऱ्या 'व्हीआय'चा तरी काय दोष? १९७६ च्या सुमारास बिल जॉयने बर्कलीत तो लिहायला घेतला. तिथे सुरुवातीला अक्षरं म्हणजे हुकूम. 'डी' दोनदा दाबलं की आख्खी ओळ साफ! त्याचाच धाकटा भाऊ 'व्हिम' १९९१ मध्ये आला. त्यातून बाहेर कसं पडायचं, हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. म्हणजे बॉस, अडकणारे तुम्ही एकटे नाही!

आणि सर्व्हरच कशाला? गिटहबने 'अॅटम' १५ डिसेंबर २०२२ ला बंद केला. विंडोजमधलं जुनं 'वर्डपॅड' २०२४ मध्ये गेलं. सवयीची जागा कधीही जाऊ शकते. तेव्हा हे इमर्जन्सी किट जवळ ठेवाच:

• फाइलला हात लावण्याआधी तिची कॉपी करा. कितीही घाई असली तरी!

• 'व्हीआय'मध्ये 'आय' दाबा, मग लिहा. झालं की एस्केप. कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर म्हणजे सेव्ह करून बाहेर. घोळ झाला? एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. काहीही सेव्ह न करता सुटका.

• 'नॅनो' असेल तर नशीबवान आहात. खाली मेन्यू दिसतो, त्यातली टोपीसारखी खूण म्हणजे कंट्रोल. कंट्रोल-ओ सेव्ह, कंट्रोल-एक्स बाहेर.

• आवडत्या एडिटरच्या सेटिंग्जची कॉपी दुसरीकडेही ठेवा. नव्या मशीनवर संसार पटकन लागतो.

• 'विमट्यूटर' हा व्हिमसोबत येणारा धडा एकदा गिरवा. साधारण अर्ध्या तासाचं काम.

मित्राचं काय झालं? उद्गारचिन्ह वापरून तो बाहेर पडला, पुन्हा आत शिरला, आकडा बदलला. दोन वाजता साइट उठली, अडीचला तो झोपला. आता म्हणतो, "व्हीएस कोडवर प्रेम आहेच गं, पण व्हीआयशी निदान बोलणं तरी ठेवायला हवं!"

पाहुण्याच्या घरी आपला कप मिळत नाही. म्हणून काय चहा सोडायचा?