आईचा हात धरून वत्सगुल्मात

वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. आईवडिलांना घेऊन एका दिवसात या जिल्ह्यात देवदर्शनही होते आणि रानवाटाही तुडवता येतात.

सुरुवात सकाळच्या गारव्यात बालाजी मंदिरापासून करावी. नागपूरकर भोसल्यांचे अधिकारी भवानी काळू यांनी अठराव्या शतकात ते बांधले. आत काळ्या पाषाणाची मूर्ती आहे. आईला दर्शनानंतर देवळात निवांत टेकू द्यावे. जुन्या गोष्टी तिथेच निघतात.

तिथून साठेक किलोमीटरवर कारंजा लाड, दत्तसंप्रदायातील श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. दुपारचे ऊन इथे गुरुमंदिरात काढता येते.

उन्हे कलली, की जवळच्या कारंजा-सोहोळ अभयारण्याकडे वळावे. हे दाट जंगल नव्हे, खुरट्या झुडपांचे गवताळ माळरान आहे. त्यामुळे काळवीट दुरूनही नजरेस पडतात. नराची पाठ काळसर, पोट पांढरेशुभ्र, शिंगे पिळदार. मादी फिकट तपकिरी. चाहूल लागताच एक उसळी घेते आणि मागोमाग अख्खा कळप हवेत झेपावतो.

आईचे गुडघे दुखत असतील, तर चालणे बेताचे ठेवावे. पाणी, टोपी आणि दुर्बीण मात्र सोबत हवीच. दुर्बीण आधी तिच्या हातात द्यावी.