पेलेटची पारख

आपल्या प्रांतांत थंडी म्हणजे दोन महिन्यांची पाहुणी. एक घोंगडी अंगावर अधिक घेतली आणि सकाळीं उन्हांत बसलें कीं तिचा पाहुणचार संपला. परंतु जेथें हिंवाळ्यांत रात्रीं पारा शून्याखालीं वीस अंश उतरतो, तेथें घरांतील शेगडी ही जिवाची सोबतीण होऊन बसते, आणि तिच्या पोटांत काय घालावें हा प्रश्न सरपणाच्या व्यवहारापुरता राहत नाहीं.

हा विषय आम्हांस सुचण्याचें कारण असें. आमच्या हायस्कुलांतून सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं बाहेर पडलेला एक विद्यार्थी हल्लीं अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर संस्थानांत नोकरीनिमित्त राहतो. दोन वर्षांमागें त्याच्या मातोश्रीही त्याजकडे राहावयास गेल्या. गेल्या जानेवारींत त्याचें पत्र आलें. त्यांत ख्यालीखुशालीपेक्षां शेगडीचाच मजकूर अधिक होता. पहांटे तीनच्या सुमारास शेगडी आपोआप विझे. मातोश्री जाग्या होत. मुलाची झोंप मोडूं नये म्हणून त्या कोणासही हांक न मारतां दोन गोधड्या लपेटून उजाडेपर्यंत बसून राहत. हें त्यास कळलें तेव्हां त्यास फार वाईट वाटलें. "दुकानांतील सर्वांत महाग पेलेट आणले असतां असें व्हावें काय? कोणत्या नांवाचे पेलेट उत्तम, हें कसें ठरवावें?" असा त्याचा प्रश्न होता. त्यावर आम्हीं जो विचार केला, तो आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा असें वाटलें.

प्रथम पेलेट म्हणजे काय तें पाहूं. लांकूड कापण्याच्या गिरण्यांत जो भुसा व ज्या ढलप्या उरतात, त्या दळून बारीक करितात, वाळवितात, आणि भोंकें असलेल्या जाड पोलादी साच्यांतून मोठ्या दाबानें रेटतात. आपल्या घरीं सोऱ्यांतून शेव पाडितात, तोच हा प्रकार होय. दाबामुळें व घर्षणामुळें भुसा तापतो. लांकडांतील लिग्निन नांवाचें द्रव्य मऊ होऊन कणांना एकमेकांशीं चिकटवितें, आणि थंड झाल्यावर गुळगुळीत, टणक कांडी तयार होते. निराळा डिंक घालण्याचें बहुधा कारण पडत नाहीं. घरगुती कांडी बहुतकरून सहा मिलिमीटर जाड असते, व तिची लांबी चाळीस मिलिमीटरांहून अधिक नसावी असा युरोपांतील दंडक आहे. अमेरिकेंत हे पेलेट चाळीस पौंडांच्या, म्हणजे सुमारें अठरा किलोंच्या थैल्यांतून विकतात. अशा पन्नास थैल्यांचा तेथील एक टन होतो. युरोपांत थैली बहुधा पंधरा किलोंची असते.

आतां शेगडीची रचना. वरच्या किंवा मागच्या कोठींत पेलेट ओतावयाचे. कोठीच्या तळाशीं एक मळसूत्र असतें. तें विजेच्या मोटारीनें थांबून थांबून फिरतें आणि थोडे थोडे पेलेट एका लहानशा लोखंडी भांड्यांत टाकितें. ह्या भांड्यास भोंकें असतात. एक पंखा त्यांतून हवा खेंचून ज्वाला प्रखर ठेवितो व धूर नळीवाटे बाहेर घालवितो. दुसरा पंखा तापलेली हवा खोलींत सोडितो. ह्या रचनेंत एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. मळसूत्र वजन जाणत नाहीं. तें पायलीनें धान्य मोजल्याप्रमाणें केवळ माप जाणतें. म्हणून एका जातीचे पेलेट घट्ट व आंखूड असले, तर त्याच फेऱ्यांत अधिक जळण पडतें. दुसऱ्या जातीचे लांब असले, तर ते आडवेतिडवे अडकून मध्यें पोकळी राहते आणि जळण कमी पडतें. शेगडी तीच, कळ तीच, तरी आंच निराळी! ह्याचें मर्म पुष्कळदां एवढेंच असतें.

पेलेटचे गुणदोष मुख्यतः चार गोष्टींवरून कळतात: ओलावा, राख, भुकटी आणि घट्टपणा.

ओलावा घ्या. जळणांतील पाणी उष्णता देत नाहीं. उलट स्वतःची वाफ करण्यासाठीं थोडी खाऊन टाकितें. शेंकडा दहा ओलाव्याच्या अठरा किलोंच्या थैलींत जवळ जवळ पावणेदोन किलो पाणीच असतें. आम्हीं हिशेब केला, तेव्हां शेंकडा पांच ओलाव्याच्या पेलेटपेक्षां शेंकडा दहा ओलाव्याच्या पेलेटपासून किलोमागें सुमारें शेंकडा सहा उष्णता कमी मिळते, असें दिसून आलें. तेव्हां दुसरी थैली शेंकडा सहाहून कमी फरकानें स्वस्त असेल, तर ती स्वस्त नव्हेच.

राखेचें तसेंच आहे. साल काढलेल्या स्वच्छ लांकडाची राख फार थोडी असते. सालीची व मातीची राख पुष्कळ. शेंकडा अर्धा राख असलेल्या एक टन पेलेटांपासून सुमारें साडेचार किलो राख निघते. शेंकडा एक असली तर नऊ किलो. परंतु राखेच्या वजनापेक्षां तिचा स्वभाव अधिक महत्त्वाचा. मातींतील वाळूचे कण व सालींतील क्षार एकत्र तापले म्हणजे राख वितळून तिचा विटांच्या भट्टींतल्यासारखा खंगर बनतो. तो भांड्याच्या भोंकांत बसला कीं हवा बंद, आणि हवा बंद झाली कीं ज्वाला मंद. कोंकणांतील आमच्या विद्यार्थ्यांस भाताच्या तुसाची राख ठाऊक आहेच. तुसांत ती शेंकडा वीसपर्यंत असते, म्हणून तूस त्या नाजूक शेगडींत घालून चालावयाचें नाहीं. आपल्याकडे उसाची चिपाडें, भुईमुगाचीं टरफलें वगैरेंपासून जो 'पांढरा कोळसा' करितात, तो कारखान्यांच्या मोठ्या बॉयलरांतच शोभतो.

भुकटी व घट्टपणा ह्या जुळ्या बहिणी होत. ठिसूळ पेलेट वाहतुकींत मोडतात व थैलीच्या तळाशीं भुकटी सांचते. ती मळसूत्राभोंवतीं दाटून बसते व पेलेटांची वाट अडविते.

ह्या सर्व गोष्टींसाठीं मापें ठरलेलीं आहेत. युरोपांत २०१० सालापासून 'ईएन-प्लस' नांवाची पारख-पद्धति चालूं आहे. तिच्या 'ए-१' ह्या वरच्या वर्गांत राख शेंकडा ०.७ हून अधिक व ओलावा शेंकडा दहाहून अधिक चालत नाहीं. 'ए-२' वर्गांत राखेची मर्यादा शेंकडा १.२ आहे. थैलीवर दोन अक्षरें व तीन आंकडे असलेली एक खूण छापलेली असते. तीवरून माल कोणाचा हें ताडून पाहतां येतें. अमेरिकेंत 'पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूट' ह्या संस्थेनें 'प्रीमियम' वर्गास राखेची मर्यादा शेंकडा एक व भुकटीची शेंकडा अर्धा घालून दिली आहे.

मग नांव पाहून माल घ्यावा कीं नाहीं? नांवास किंमत आहे, परंतु ती मर्यादित आहे. लिग्नेटिक्ससारख्या मोठ्या कंपनीचे कारखाने अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम अशा दोन्ही भागांत आहेत. पश्चिमेकडे डग्लस फरसारखीं सूचिपर्णी झाडें विपुल. पूर्वेकडे ओक व मेपल ह्यांचीही भर असते. तेव्हां कोणत्याही कंपनीची थैली घेतांना ती कोणत्या कारखान्यांतून, कोणत्या लांकडाची व कोणत्या वर्षीं आली, हें विचारलेंच पाहिजे. येथें एक गैरसमजही दूर करूं. बाभळीचें सरपण पांगाऱ्याच्या सरपणाहून चांगलें, हें आपण जाणतों. त्यावरून कठीण लांकडाचे पेलेट अधिक ऊन असावेत असें वाटतें. परंतु साच्यांत दाबल्यावर दोहोंचा घट्टपणा सारखाच होतो. वजनास वजन धरलें, तर राळ व लिग्निन अधिक असल्यामुळें सूचिपर्णी लांकूडच बहुधा किंचित् अधिक उष्णता देतें.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. हें सर्व लिहिण्यापूर्वीं आम्हीं त्यास उलट एकच प्रश्न विचारिला: "शेगडी आंतून केव्हां झाडली होतीस?" उत्तर आठ दिवसांनीं आलें. भांड्याचीं निम्मीं भोंकें खंगरानें बुजलीं होतीं, आणि धुराच्या नळींत राखेचा थर चढला होता. महाग पेलेट फुकट बदनाम झाले होते! ह्यांत केवळ थंडीचाच त्रास होता असेंही नव्हे. धुरास वाट नसली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु घरांत पसरतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि निजलेल्या माणसास तो उठूं देत नाहीं. म्हणून अशा घरांत त्या वायूची सूचना देणारी घंटा निजण्याच्या खोलीजवळ असलीच पाहिजे. पेलेटांचा मोठा सांठाही कोंदट खोलींत हा वायु सोडितो. यास्तव तेथें हवा खेळती ठेवावी.

शेगडी स्वच्छ झाल्यावर त्यानें तीन निरनिराळ्या नांवांचे पेलेट थोडे थोडे आणून परीक्षा आरंभिली. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, बाकीच्या कायम ठेवावयाच्या, हा आपल्या प्रयोगशाळेंतला पहिला धडा त्यास विसरला नव्हता. प्रत्येक नांवाच्या पेलेटपूर्वीं शेगडी झाडावयाची. कळ एकाच खुणेवर ठेवावयाची. बाहेरची थंडी व खोलींतील उष्णता ठरलेल्या वेळीं टिपून घ्यावयाची. आणि शेवटीं राख गार झाल्यावर तोलावयाची. भुकटीची परीक्षा मातोश्रींनीं आपणांकडे घेतली. गव्हाच्या चाळणीनें त्या थैलीच्या थैली चाळीत व खालीं पडलेली भुकटी स्वयंपाकघरांतील तराजूवर तोलीत. अठरा किलोंस शेंकडा अर्धा म्हणजे नव्वद ग्रॅम. त्याहून अधिक भुकटी निघाली कीं त्या मान हलवीत. ओल लागली आहे काय हें पाहण्यास कांडी मोडून पाहावी: चांगली कांडी कट्कन मोडते, ओल लागलेली फुगून हातांत चुरते. चांगली कांडी पाण्याच्या पेल्यांत टाकिली तर तळाशीं जाते, व कांहीं मिनिटांत तिचा पुन्हा भुसा होतो. पेलेट कोरड्या जागीं कां ठेवावे, हें पाहावयास दुसरा पुरावा नको.

मार्च महिन्यांत निकाल आला. सर्वांत महाग पेलेटची राख सर्वांत थोडी. परंतु ते लांब असल्यामुळें त्याच्या शेगडीचें मळसूत्र त्यांस नीट ओढीत नसे. सर्वांत स्वस्तांत भुकटी फार. मधल्या किंमतीच्या पेलेटांनीं खोली सर्वांत सारखी ऊन ठेविली. थैल्यांवरील नांवें आम्ही येथें मुद्दाम देत नाहीं. त्याच्या शेजाऱ्याकडे निराळ्या बनावटीची शेगडी आहे. तींत महाग पेलेटच उत्तम चालतात. पुढील वर्षीं लांकूड बदललें, तर हा निकालही बदलेल. शिवाय घरीं तोललेल्या राखेंत न जळलेला कोळसा मिसळतो, व कांहीं राख नळीवाटे उडून जाते. प्रयोगशाळेंत ती ५५० अंश सेल्सिअसवर पूर्ण जाळून तोलतात. घरची परीक्षा तुलनेपुरती खरी.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं बहुतेकांस अशी शेगडी कधीं पाहावयासही मिळणार नाहीं. परंतु बाजारांत नांवें मिरविणाऱ्या वस्तु तुम्हांस जन्मभर घ्यावयाच्या आहेत, आणि त्या बिघडल्या असतां दोष देण्याची घाईही तुम्हांस होणार आहे. त्या वेळीं आधीं आपली शेगडी झाडून पाहावी, आणि मग तराजू हातीं घ्यावा. पालकांसही आमची विनंती आहे कीं, घरांतील अशा लहानसहान परीक्षा मुलांच्या हातून करवाव्या. पुस्तकांतील विज्ञान त्यांस तेव्हांच आपलें वाटूं लागेल.

न्यू हॅम्पशायरांतील त्या घरीं आतां दर रविवारीं शेगडी झाडली जाते. मातोश्रींनीं एक वही घातली आहे. तींत त्या थैलीची तारीख, भुकटी व राख ह्यांचीं वजनें मराठींत लिहून ठेवितात. शेवटच्या पत्रांत आमच्या विद्यार्थ्यानें कळविलें आहे कीं, एके रात्रीं तीन वाजतां तो सहज उठून पाहावयास गेला, तेव्हां शेगडी जळत होती व मातोश्री स्वस्थ निजल्या होत्या.