लिलावातला बेसबॉल

फँटसी बेसबॉलमध्ये खेळाडू खऱ्या मैदानावरचे, पण संघ स्पर्धकाने स्वतः बांधलेला असतो. १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये याची ‘रोटिसरी’ पद्धत रूढ केली. नाव मिळाले एका फ्रेंच उपाहारगृहावरून. लिलावात प्रत्येकाने २६० डॉलरांत २३ खेळाडू घ्यायचे, हा या पद्धतीतला ठरलेला हिशेब.

होमरन, चोरलेले बेस (चेंडू टोलवला जाण्याची वाट न पाहता धावून गाठलेले पुढचे बेस), पिचरचे स्ट्राइकआउट अशा, आज बहुधा दहा, निकषांवर संघांचा क्रम लागतो. बारा संघ असतील तर निकषातल्या पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १. होमरनमध्ये आघाडी एकाची असो वा चाळीसची, गुण बाराच! जास्तीचे एकोणचाळीस वायाच गेले. त्या पैशात चपळ धावणारा घेता आला असता. या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच: नुसती ताकद पुरत नाही, समतोल लागतो.

खेळाडूंचे भावही स्थिर राहत नाहीत. २०२३ मध्ये बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, धावणाऱ्याला रोखण्याच्या पिचरच्या प्रयत्नांवर मर्यादा आली. परिणामी मेजर लीग या अव्वल व्यावसायिक स्पर्धेतल्या बेसचोऱ्या वर्षभरात २,४८६ वरून ३,५०३ वर गेल्या. रोनाल्ड अकुन्या या एकाच खेळाडूने ४१ होमरनसोबत ७३ बेस चोरले. चोऱ्या मुबलक झाल्यावर केवळ वेगासाठी जादा डॉलर मोजण्याचे कारण उरले नाही.