शॉट सही, काम फेल!

‘व्हिडीओ एकदम सही आहे हो... पण बिघडलेलं पॅनेल कुठलं?’

चाकणच्या एका फॅक्टरीच्या मीटिंग रूममध्ये हा प्रश्न आला आणि माझी बोलतीच बंद! सोमवार ते शुक्रवार मी ऑफिसात कोड लिहितो, वीकएण्डला ड्रोन उडवतो. कॉलेजच्या दोस्ताचा सोलरचा बिझनेस आहे. छपरावरची काही पॅनेल्स वीज कमी देत होती, ती शोधायची होती. मी २५० ग्रॅमच्या आतला माझा लाडका ड्रोन घेऊन सकाळी सातला हजर. कोवळं ऊन, चमकणारी पॅनेल्स, मागे डोंगर. फुल फिल्मी! क्लायंटनं टाळ्या वाजवल्या आणि मग वरचा प्रश्न विचारला. दोस्ताचं वर्षाचं मेन्टेनन्सचं काम त्या रिपोर्टवर अडकलं होतं. परतीच्या वाटेवर तो गाडीत एक शब्द बोलला नाही.

त्या दिवशी फंडा कळला. ‘कुठला ड्रोन घेऊ?’ हा प्रश्नच चुकीचा. आधी विचारायचं, समोरचा या फोटोचं करणार काय?

लग्न, रील, ट्रॅव्हल

इथे फोटो फक्त बघायचा असतो. त्यामुळे छोटा, हलका ड्रोन झक्कास. मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका, सेन्सरचा आकार बघा. संध्याकाळच्या रिसेप्शनला मोठा सेन्सरच तारतो. भर उन्हात एनडी फिल्टर लावा, म्हणजे कॅमेऱ्याचा गॉगलच. सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तर शटर १/५० च्या आसपास ठेवता येतं आणि हालचाल झटके न खाता दिसते. हॉलच्या आत मात्र हा ड्रोन नको. जीपीएस मिळत नाही आणि उघडी पाती वऱ्हाडाच्या डोक्याशी! तिथे पात्यांभोवती कडं असलेला छोटा एफपीव्ही ड्रोन आणि हात बसलेला पायलटच हवा.

सोलर पॅनेल

बिघडलेला सेल साध्या कॅमेऱ्याला बहुतेकदा दिसतच नाही. तो तापतो, म्हणून थर्मल कॅमेरा लागतो. ६४० बाय ५१२ पिक्सेलचा थर्मल सेन्सर अशा कामांत नेहमी वापरतात. आकडा छोटा वाटेल, पण इथे प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक तापमान. आणि वेळ? माझ्या सकाळी सातच्या उलट! पॅनेलवर चौरस मीटरला निदान ६०० वॉट ऊन पडत असावं लागतं. म्हणजे स्वच्छ आकाश आणि चढलेला सूर्य. रीलसाठी जे ऊन वाईट, तेच इथे बेस्ट.

बिल्डिंग आणि टॉवर

इथे झूम पाहिजे. भिंतीची भेग बघायला भिंतीला चिकटायचं नसतं, लांबूनच ओढून बघायचं. उंच इमारतीच्या कडेला वारा भोवऱ्यासारखा फिरतो, जीपीएस डळमळतं. टॉवरच्या लोखंडाजवळ कंपास गडबडतो. समोरची भिंत ओळखणाऱ्या सेन्सरला बारीक वायर दिसेलच असं नाही. टाकी किंवा बॉयलरच्या आत जायचं असेल, तर पिंजऱ्यात बसवलेला ड्रोन लागतो. टेकला तरी पडत नाही.

जमिनीची मोजणी

इथे फोटोवरून माप काढायचं असतं. साधं इलेक्ट्रॉनिक शटर ओळीओळीनं फोटो वाचतं. ड्रोन वेगात असेल तर फोटो तिरका होतो, माप चुकतं. म्हणून मेकॅनिकल शटर आणि जागा सेंटिमीटरच्या हिशेबात सांगणारं आरटीके. शेजारच्या फोटोंचा भाग ७०-८० टक्के एकमेकांवर यायला हवा. म्हणजे फोटो शेकड्यांनी आणि बॅटऱ्याही जादा. बॅटरीच्या खोक्यावरची मिनिटं आदर्श हवेतली असतात. त्यातली निम्मी-पाऊणच हिशेबात धरा.

आणि कायदा, बॉस?

ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’. तो उडवायला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. त्यावरचा ड्रोन पैसे घेऊन उडवायचा, तर सर्टिफिकेट लागतं. त्यासाठी वय १८ पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेचं ट्रेनिंग. नॅनो सोडून सगळ्यांना थर्ड पार्टी इन्शुरन्सही हवा. उडवण्याआधी एअरस्पेसचा नकाशा बघा. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचं नाही. नॅनोलाही यातून सूट नाही!

दुसरी गोष्ट. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रानं तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आणली. संशोधन, संरक्षण, सुरक्षा एवढेच अपवाद. त्यामुळे ‘ओळखीतून आणून देतो’वाल्यांपासून लांब राहा. रजिस्ट्रेशन अडकलं तर ड्रोन शोकेसमध्ये. देशी पर्याय आहेत. ‘थ्री इडियट्स’ (२००९) मधला उडणारा ड्रोन आठवतोय? तो बनवणारी आयडियाफोर्ज ही आयआयटी मुंबईच्या मुलांनी सुरू केलेली कंपनी नवी मुंबईचीच. मोजणी आणि टेहळणीचे ड्रोन ती बनवते.

माझा सल्ला? महिन्यात एखादंच इन्स्पेक्शनचं काम असेल तर विकत घेऊच नका. सर्टिफाइड पायलटसकट भाड्यानं आणा. मी तेच केलं. पुढच्या रविवारी, स्वतःच्या खर्चानं, थर्मलवाल्याला घेऊन त्याच छपरावर गेलो. दुपारी बारा. घामाच्या धारा. स्क्रीनवर निळ्या-जांभळ्या पॅनेल्समध्ये तीन पिवळे ठिपके उमटले. दोस्तानं नंबर लिहून घेतले, खालून वर दोनदा तपासले.

व्हिडीओ बघायला भिकार होता. संगीतही नव्हतं. पण काम दोस्ताकडेच राहिलं.

उतरताना तो एवढंच म्हणाला, ‘चल, चहा पाज.’